चंद्री आणि बराकीतले उंदीर

अंबरनाथच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी बारा-पंधरा झोपड्यांची कातकरवाडी होती. चंद्री तिथली. भाताची कापणी उरकली की वाडीतल्या बायका बांधावरची उंदरांची बिळं उकरायला निघत, त्यांत चंद्री सगळ्यांच्या पुढे. बिळाच्या तोंडाशी पडलेली माती बघून ती सांगायची, आत कुणी आहे की बीळ ओस पडलंय. तिचा अंदाज सहसा चुकत नसे. आत साठवलेल्या लोंब्या पाटी भरून निघत. एरवी ती लाकडाची मोळी घेऊन कँपात विकायला जाई.

कँप म्हणजे उल्हासनगर. नवं नाव पडून वर्ष होऊन गेलं होतं, पण वाडीवर अजून कँपच म्हणत. लढाईच्या दिवसांत सैन्यासाठी बांधलेल्या लांबलचक बराकी, आणि त्यांत फळ्या ठोकून, गोणपाट टांगून राहिलेली, फाळणीत सिंधमधून आलेली माणसं. त्यांतल्या जेठीबाईकडे चंद्रीची मोळी ठरलेली. जेठीचा नवरा कल्याणला हमाली करायचा आणि जेठी एका व्यापाऱ्यासाठी पापड लाटायची.

एके सकाळी चंद्रीनं मोळी उतरवली, तर जेठी दाराशी डोक्याला हात लावून बसलेली. पुढ्यात पापडांची चळत, कडा कुरतडलेल्या, मध्येमध्ये काळ्या लेंड्या. व्यापाऱ्यानं सगळा माल परत पाठवला होता. पुन्हा असं झालं तर काम बंद, असा निरोपही होता.

"चूहा, अदी, चूहा!" जेठी म्हणाली. अदी म्हणजे बहीण, एवढं चंद्रीला कळायला लागलं होतं.

"उंदीरच ना? मी काढतं ना त्याला," चंद्री म्हणाली आणि कोयता घेऊन आत शिरली.

कोपऱ्यात जमीन उखडलेली होती, तिथं एक भोक दिसलं. चंद्रीनं खणायला घेतलं. हातभर खणलं, दोन हात खणलं. ना उंदीर, ना दाणा. खोलीभर धूळ उडाली, मळलेल्या पिठावर बसली. शेजारची म्हातारी खेमीबाई डोकावली आणि ओरडली, "इस जंगली को अंदर किसने बुलाया?"

तेवढं हिंदी चंद्रीला समजत होतं. तिनं खड्डा बुजवला आणि मान खाली घालून निघाली. मोळीचे पैसे घ्यायचेही राहिले.

दोन दिवस ती त्या बराकीकडे फिरकली नाही. शिवी तिनं आधीही खाल्ली होती, तिचं एवढं नव्हतं. पण उंदरानं आपल्याला चकवलं, हे मनाला लागून राहिलं. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा जेठीच्या दारात उभी राहिली.

"आज कायपण खणणार नाय," ती म्हणाली. "निस्ती बसतं."

आणि ती खरंच बसून राहिली. लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या, आणि सगळ्या भिंतीच्या कडेकडेनं. फळीच्या खालच्या अंगाला अंग घासून घासून तेलकट काळा पट्टा उमटलेला. जवळच एक फट. चंद्रीनं करंगळी घातली, ती जेमतेम गेली. शेतातल्या उंदराचं इथून नाकही शिरलं नसतं. हा कुणी वेगळाच, बारका. रोज हाताशी खायला असताना हा कशाला खोल बीळ करील? इथं थोडं, तिथं थोडं कुरतडत असेल आणि जवळच कुठं तरी मऊ जागेत राहत असेल.

तिनं जेठीला भिंतीच्या कडेनं चाळलेली राख पसरायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेत बारीक पावलं उमटलेली होती. पोळपाटापासून निघून ती थेट ट्रंकेपाशी गेली होती. ट्रंकेवर लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. चंद्रीनं हात पुढे केला, तशी जेठी आडवी आली.

"ये नहीं."

आत तिच्या आईनं शिवलेल्या रल्ल्या होत्या, ठिगळांच्या गोधड्या. शिकारपूरहून निघताना बांधलेलं गाठोडं परत घरी जाऊनच सोडायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. तीन वर्षं झाली होती.

चंद्री मागे सरली. "नको सोडू. मी फटी बुजवतं. पण मादी आत असंल, तर काय उपेग नाय."

जेठी बराच वेळ गाठोड्याकडे बघत बसली. मग तिनं स्वतःच गाठीला हात घातला. गाठ इतकी आवळली होती की दातांनी सोडवावी लागली. वरची रल्ली धड होती. खालच्या दोन्हींना मधोमध वाटीएवढं भोक, आणि कापसाच्या चुऱ्यात सात गुलाबी पिल्लं, डोळे न उघडलेली.

"तीन साल मैंने हाथ नहीं लगाया," जेठी म्हणाली.

"लावला असतास, तर असं झालं नसतं," चंद्री बोलून गेली, आणि लगेच तिला वाईट वाटलं. ती जेठीजवळ सरकली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. जेठी रडली, पोटभर रडली. मग चंद्रीनं ते घरटं पळसाच्या पानात उचलून बाहेर नेलं. पुढं काय केलं ते जेठीनं विचारलं नाही.

नुसता चिखल उंदीर कुरतडतो, म्हणून दोघींनी फुटक्या बाटलीची काच कुटून चुन्यात कालवली आणि फटी भरल्या. फळ्यांना तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. पापड झाकणाच्या डब्यात गेले. भाजलेल्या पापडाचा तुकडा लावून ठेवलेल्या पिंजऱ्यात चार उंदीर सापडले.

तरी आठवड्यानं पुन्हा लेंड्या दिसल्या. चंद्रीनं वर बोट दाखवलं. छप्पर सगळ्यांचं एकच. एकीच्या खोलीतून हाकललेला उंदीर दुसरीकडे जायचा आणि परत यायचा. सगळ्या खोल्यांतल्या फटी एकदम बुजवायला हव्या होत्या.

जेठी कुरतडलेली रल्ली घेऊन खेमीबाईकडे गेली. म्हातारीच्या स्वतःच्या पिठाच्या डब्यातही लेंड्या होत्याच. ती बाहेर आली, चंद्रीकडे न बघता म्हणाली, "मेरा कमरा पहले."

त्या रविवारी सगळी बराक चुन्यानं हात भरून घेत होती. चंद्री खोली-खोलीतून गुडघ्यांवर फिरत करंगळीनं फटी चाचपत होती आणि कोळशानं खुणा करत होती.

उंदीर कायमचे गेले नाहीत. धान्य असेल तिथं एखाददुसरा येतोच. पण व्यापाऱ्याकडून पापड परत येणं थांबलं, आणि दुसऱ्या बराकींतूनही चंद्रीला बोलावणं येऊ लागलं. खेमीबाईनं माफी कधी मागितली नाही. मात्र चंद्री मोळी घेऊन जाताना दिसली की ती दारातूनच हाक मारायची, आत बसवून चहा द्यायची. चंद्री पितळी पेला हातात घ्यायची, पण तिची नजर आधी भिंतीच्या कडेनं फिरून यायची.