बिघाडाचं कारण

माझा हात लागला म्हणून त्यांनी कॉम्प्युटरला आंघोळ घातली.

पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, विसरला म्हणून मी जिन्यावरून परत फिरले. दार उघडंच होतं. बघते तर त्या घरातल्या आजी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर वाकलेल्या, हातात तुळशीची डहाळी, दुसऱ्या हातात गोमूत्राची बाटली. आधी वरच्या जाळीतून शिंपडलं. मग ज्या बटणाला माझं बोट लागलं होतं त्या बटणावर. मग मी बसले होते त्या खुर्चीवर. मशीन चालूच होतं. दोन मिनिटांपूर्वी मीच चालू केलेलं.

मी पेचकस न घेताच उतरले. पाय न वाजवता. जणू चोरी माझीच.

आता मी कोण, ते सांगते. लखनौत निशातगंजच्या एका दुकानात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होते. दरारा असा, की माझी स्कूटी गल्लीत शिरली की बंद पडलेली मशीनं भीतीनं आपोआप सुरू व्हायची. चौकातल्या एका चिकनकारी भरतकामवाल्याच्या कॅबिनेटमधून मी एवढी धूळ काढली, की तिच्यातून दोन पाली, सहा सुया आणि त्याच्या आजोबांनी खाल्लेल्या पानाचा वास निघाला. वाढवून सांगायची सवय आहे मला. बाबा फौजेत होते. घरात मीठ संपलं तरी आमच्याकडे रसद तुटायची.

बाबांची शेवटची पोस्टिंग लखनौची. रिटायर झाले आणि इथंच राहिले. काहून राहिलो आपण, असं विचारलं की म्हणायचे, "इथं आपलं आडनाव कोणाला वाचता येत नाही." लहानपणी मला वाटायचं, इथल्या लोकांना स्पेलिंग जमत नसेल. लोक आडनाव विचारायचेच, विचारल्याशिवाय इथं पाणीही कोणी पाजत नाही. पण ऐकून घोटाळायचे. "अच्छा, महाराष्ट्र से!" म्हणायचे आणि गप्प. त्यांच्या त्या अडाणीपणाच्या सावलीत मी आरामात वाढले.

मग विकास नगरातून फोन आला. केंद्र सरकारातले मोठे साहेब, मराठी. त्यांचा डेस्कटॉप सुरू होत नव्हता. पंखा फिरायचा, पडदा काळाच, आणि आतून तीन बीप. साहेबांच्या आई, म्हणजे त्याच आजी, त्यावर लखनौतल्या मराठी घरांच्या पत्रिका जुळवायच्या. म्हणून मशीन देव्हाऱ्याला लागून.

"अगं बाई, मराठी मुलगी! आणि हत्यारं घेऊन!" आजींनी पोह्यांची बशी आणली. मी मेमरीची पट्टी काढली, खोडरबरनं तिचे पिवळे दात घासले, परत बसवली. पडदा उजळला. आजींनी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग विचारलं,

"आडनाव काय गं तुझं?"

सांगितलं.

"गाव?"

सांगितलं.

"गावात घर कुठल्या अंगाला?"

"पूर्वेला. नाल्यापलीकडे."

"अच्छा." लखनौचा 'अच्छा' मी लाखदा ऐकलाय. इतका थंड कधी नाही. "म्हणजे तुम्ही त्यांच्यातले."

बशी उचलली गेली. पोहे निम्मे उरले होते. लखनौत कोणाला न वाचता आलेलं आडनाव माझ्याच भाषेनं एका दमात वाचलं.

त्यानंतरच मी जिना उतरले, आणि परत फिरले, आणि ते शिंपडणं पाहिलं.

आठ दिवसांत पुन्हा फोन. पुन्हा तीन बीप. कॅबिनेट उघडलं तर पट्टीच्या खाचेत पांढरट पिवळी पापडी. आणि वास. मला सगळं समजलं. साहेब मागे उभे होते.

"काय झालंय?"

माझं तोंड म्हणालं, "ओल आहे सर. पावसाळी हवा."

खाच पुसून मशीन सुरू केलं. जॉब कार्डावर 'बिघाडाचं कारण' असा रकाना असतो. त्यात लिहिलं, ओल. खाली माझी सही. कोणी हात धरून लिहवून घेतलं नाही. शिंपडलं म्हणावं, तर का शिंपडलं हेही सांगावं लागलं असतं. ते सांगायची लाज मला वाटली. त्यांना नाही, मला.

इथं मी एक कणही वाढवत नाहीये. त्या दिवसापासून तो वास माझ्या हातांना बसला. कोऱ्या खोक्यातलं मशीन उघडलं तरी तोच. कुठंही लागोपाठ तीनदा काही वाजलं, शेजारचा कुकर, रिव्हर्स येणारी गाडी, की मला शब्दच ऐकू यायचे. आडनाव? गाव? कुठल्या अंगाला? भर बाजारात मी स्कूटी थांबवून उभी राहायची. आणि डोळ्यांपुढे माझंच वळणदार अक्षर. ओल.

तिसरा फोन आला. या वेळी साहेब दारातच.

"तुम्ही हात लावला की बिघडतं. मालकांशी बोललोय मी. टेक्निशियनची चूक असं कार्डावर लिहा आणि सही करा." मग भिंतीकडे बघून हिंदीत, "इन लोगों से काम होता ही नहीं।"

मी माझी पेटी खाली ठेवली. कॅबिनेट खिडकीच्या उजेडात आडवं केलं, पत्रा काढला. खाच हिरवी पडलेली. तिच्या कडेला एक वाळलेलं पान चिकटलं होतं. चिमट्यानं उचललं.

"हे तुळशीचं पान माझ्या पेटीतलं नाही, सर."

साहेबांनी वळून पाहिलं. "आई?"

आजी देव्हाऱ्यापाशी ताठ उभ्या. "शिंपडलं. मग? शेजारी देव आहेत. ती गेली की शिंपडलं, दोन्ही वेळा."

साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "आईचं वय झालंय गं. तू आपली ओल लिही. हे आपल्यातच राहू दे. परमुलखात शेवटी आपण मराठी माणसं."

आपण! पोह्यांच्या एका बशीत जे मावलं नाही, ते आपण.

मी मालकाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "भैया, मशीन में गोमूत्र डाला है। दोनों बार। मेरे जाने के बाद।"

तो आधी हसला. मग म्हणाला, "अरे यार, बड़े अफ़सर हैं। मॉइश्चर लिख दो ना। तुम्हारा क्या जाता है?"

"एक बार लिख चुकी हूँ, भैया। तब से जा ही रहा है।"

फोन ठेवला आणि लिहिलं. टेक्निशियनच्या जातीमुळे ग्राहकाच्या घरी मशीनवर गोमूत्र शिंपडले, दोनदा. मराठीत लिहिलं, खाली हिंदीत. सहीच्या जागी माझं नाव, बाबांचं नाव आणि आडनाव, सगळ्यात मोठ्या अक्षरात. कार्ड टेबलावर ठेवलं नाही. हातानं पुढे केलं. घ्यायचं तर बोटाला बोट लागणार होतं. साहेब बघत राहिले. मी हात मागे घेतला नाही. शेवटी घेतलं त्यांनी, कोपऱ्याला धरून.

दुकानातलं काम सुटलं. आडनाव मोठ्या अक्षरात लिहून आले हे ऐकून बाबा दोन दिवस जेवले नाहीत. वास अजून हातांना आहे, आणि तो जाईल असं मी कोणाला सांगत नाही.

आता मी एकटी काम करते. दार मराठी असो की हिंदी, उंबऱ्यावर उभी राहून आधी आडनाव सांगते. मग गाव, मग घर कुठल्या अंगाला. न समजलं तर अर्थही मीच सांगते. ज्याला चालत नाही त्यानं तिथंच नाही म्हणावं. त्याचा पडदा काळा राहील, मी खुशाल परत जाईन. आणि ज्यानं आत घेतलं, त्याचं मशीन उघडल्यावर जे दिसेल तेच मी लिहीन.