कार पार्कमधला भारीट

‘स्कॉटलंडला गेलीस तर माझ्यासाठी बर्फातला भारीट बघ,’ बाबा मला विमानतळावर म्हणाले होते. त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सहून उत्तरेला लेक डिस्ट्रिक्टच्या पुढे गेले नाही. मागच्या वर्षी आई गेली आणि पुण्यात बाबांनी टेकडीवर जाणं सोडलं. रोज पहाटे पक्षी बघायला जाणारा माणूस आता फोनवर ‘जेवलो’ आणि ‘ठीक आहे’ एवढंच बोलतो. म्हणून फेब्रुवारीत शाळेच्या हाफ टर्मच्या सुट्टीत मी माझ्या लेकीला, इराला, घेऊन निघाले. पक्षी बघून बाबांचं काय होणार होतं, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

केर्नगॉर्म डोंगरांच्या पायथ्याच्या एव्हीमोर गावापर्यंत गाडीने पूर्ण दिवस जातो. वाटेत पर्थला पोटभर खाऊन घ्या. पुढे सोयी विरळ आणि वेग मोजणारे कॅमेरे भरपूर. सुट्टीत खोल्या महाग पडतात, आधी बुक करा.

भारीट चिमणीएवढा, जाड चोचीचा, बिया टिपणारा. आपल्याकडे त्याचे भाऊबंद हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांत उतरतात. हा बर्फातला, म्हणजे स्नो बंटिंग, केर्नगॉर्मच्या माथ्यावरच्या खुरट्या गवतात राहतो. माझ्या पुस्तकातला पांढराशुभ्र, काळ्या पाठीचा होता. मी तोच शोधत होते.

पहिल्या दिवशी स्की सेंटरच्या कार पार्कमध्ये गाडी लावून (गावातून बसही येते) तासभर वर चढलो. हिवाळ्यात माथ्यावर जायला सामान आणि अनुभव दोन्ही लागतात, आमच्याकडे काहीच नव्हतं, त्यामुळे अर्ध्यातून परतलो. पांढऱ्या बर्फात पांढरा पक्षी. प्रत्येक दगडावर संशय. इरा म्हणाली, ‘आई, तुला नक्की काय बघायचंय?’

दुसऱ्या दिवशी पार्किंगवाल्या काकांनाच विचारलं, हा पक्षी कुठे दिसेल. त्यांनी माझ्या गाडीच्या चाकाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, गाडी चुकीच्या जागी लागली आहे. मी माफी मागून ती दोन रांगा पलीकडे नेली. ते बघतच राहिले.

मग गाडीतच संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या खाल्ल्या. दार उघडलं तसा चुरा खाली सांडला आणि पाच-सहा तपकिरी, गुबगुबीत पक्षी पायाशी येऊन तीळ वेचू लागले. ‘ही चिमणी किती फॅट आहे,’ इरा म्हणाली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला: भारीट काही दिसला नाही, स्कॉटलंडच्या चिमण्या बघा.

दोन मिनिटांत बाबांचा मेसेज आला. ‘चिमणी नाही. चोच पिवळी आहे, पंखात पांढरं आहे. तुझ्या पुस्तकातलं चित्र उन्हाळ्यातल्या नराचं असणार. हाच तो. नीट बघत जा.’

आई गेल्यापासून बाबांनी ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं. ‘आजोबा रागावले?’ इराने विचारलं. रागावलेच होते. मला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

मग त्यांचा फोन आला. काय खातायत, विचारलं.

‘तीळ. वडीतले.’

‘गूळ नको देऊस त्यांना. वड्या कुणी केल्या?’

‘मी. आईच्या प्रमाणाने.’

‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला.

परत येऊन आठवडा झाला. बाबा पुन्हा ‘जेवलो’वर आले आहेत. त्या दिवशी त्यांना पक्ष्याने जागं केलं, की माझ्या चुकीने, की वडीने, मला कळत नाही. आता मुद्दाम पक्ष्यांची चुकीची नावं लिहून पाठवायची का? शेवटी ते बोलले याचा आनंद मानावा, की आईचं नाव काढून मीच त्यांना गप्प केलं याचं वाईट वाटून घ्यावं, हेही कळत नाही.

बाबा, इरा तुम्हाला फोनवर हे वाचून दाखवेल. तुम्ही ‘बघू’ म्हणाल, आणि तुमचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी विचारते. उद्या पहाटे टेकडीवर जाऊन, तिथे आता कोण कोण आहे ते मला कळवाल?