माळकऱ्याच्या टॅक्सीतला कोंबडा

लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालेलं. आमचं परिवहन कार्यालय भाड्याच्या दोन खोल्यांत होतं आणि मी तिथला सगळ्यात नवा कारकून. पावसानं दोन वर्षं दगा दिलेला. टेबलावर निम्मे कागद पाण्याच्या टँकरचेच असायचे.

एका सकाळी एक म्हातारी काखेत कोंबडा घेऊन थेट माझ्यापुढं उभी राहिली. मागोमाग टॅक्सीवाला. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, छातीवर लायसनचा बिल्ला. म्हातारीला रेणापूरच्या पलीकडं लेकीच्या वस्तीवर जायचं होतं. नातू दुखण्यातून उठला म्हणून म्हसोबाला कोंबडा कबूल केलेला. टॅक्सीवाल्यानं तो पाहिला आणि तिला खाली उतरवलं. त्याचं म्हणणं एकच, मी माळकरी, माझ्या गाडीत मटण चालत न्हाई.

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. सबळ कारणाशिवाय प्रवासी नाकारता येत नाही, असं त्यात होतं. देवधर्म हे सबळ कारण आहे की नाही, हे मात्र नव्हतं. साहेब पानं उलटत राहिले. निकाल म्हातारीनंच लावला.

"हा अजून कोंबडा हाय, बाबा. मटण न्हाई."

टॅक्सीवाल्यानं माळ चाचपली. शेवटी तडजोड झाली. जाताना कोंबडा जिवंत आहे म्हणून चालेल, येताना मटणाचा डबा घेऊन बसायचं नाही. मला टँकरच्या कामाला त्याच बाजूला जायचं होतं, म्हणून साहेबांनी देखरेखीला मलाच पुढच्या सीटवर बसवलं.

वाटेत त्यानं माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावात घर कुठल्या अंगाला. तो उगाच दमायला नको म्हणून मी सांगून टाकलं की आम्ही बौद्ध. त्याला उलट आनंदच झाला. तुमच्यात तर हिंसा चालत न्हाई, तुम्हीच समजवा म्हातारीला, म्हणाला. मला आईचा रविवारचा रस्सा आठवला. मी बाहेर बघत बसलो.

ऊन चढलं तशी कोंबड्याची मान लुळी पडायला लागली. टॅक्सीवाल्यानं बाभळीखाली गाडी लावली. घोटभर पाणीसुद्धा कुणी सहज देत नव्हतं असे ते दिवस. पण त्यानं आपल्या कळशीतून पितळी पेला भरला आणि कोंबड्याच्या चोचीला लावला. मग पेला विसळून म्हातारीला दिला. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, ओंजळ धरा, वरून ओततो.

मी हात पुढं केले नाहीत.

"कोंबड्याला पेला चालतो, अन् मला न्हाई?"

म्हातारी पदराआड हसायला लागली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं पेला भरून माझ्या हातात दिला. मी पोटभर प्यालो. त्यानंतर त्याच पेल्यात तोही प्याला, मात्र डोळे घट्ट मिटून.

संध्याकाळी अहवालात काय लिहावं ते सुचेना. 'प्रवासी नियमाप्रमाणे पोचवले' एवढंच लिहिलं आणि साहेबांपुढं ठेवलं.