चिन्मयीने पुसलेला साठा

चिन्मयीला कुणी हट्टी म्हटलं की तिची आई म्हणायची, "हट्टी नाही हो, चिवट आहे." दोन्ही खरंच होतं. अधारतालच्या मुख्य रस्त्यावर औषधाच्या दुकानाच्या वर यशोधनची चार माणसांची कंपनी आहे. तिथे ती मोबाइलची ॲप्स बनवते. त्यातलं एक तिचं फार लाडकं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार असले की नदीवरच्या ग्वारीघाटच्या नावाड्यांच्या फोनवर त्याने भोंगा वाजवायचा. पाणी चढण्याआधी नावा वर ओढता याव्यात, एवढंच त्याचं काम.

नावाड्यांचे फोन जुने आणि ॲप जड. म्हणून तिने कंपायलरची, म्हणजे लिहिलेला कोड फोनला कळेल असा करून देणाऱ्या यंत्रणेची, एक सेटिंग बदलली. ॲप हलकं झालं, घाटावर पोचलं, छान उघडूही लागलं. मग चाचणीचा भोंगा पाठवला, तर सगळ्यांच्या फोनवर ते मुकाट बंद पडलं. त्यात धरण काठोकाठ भरलेलं. दरवाजे उद्या उघडतील अशी बातमी.

"तुझी सेटिंग काढून टाक," यशोधन म्हणाला. "काहून उगाच डोकं लावून राहिली?"

"काढली तर ॲप पुन्हा जड होईल, भैया. नावाड्यांच्या फोनवर उघडणारच नाही. माझ्या लॅपटॉपवर बनवलं तर भोंगा मस्त वाजून राहिला. ऑफिसच्या मशीनवर बनवलं की मरतं. घोळ मशीनमध्ये आहे."

मशीनला नावं ठेवलेली यशोधनला खपत नसत. दर दसऱ्याला तो त्या काळ्या डब्याला हळदकुंकू वाहायचा आणि वर्षभर त्यातलं काही पुसू द्यायचा नाही. ॲपचे शेकडो तुकडे असतात. एकदा तयार झालेला तुकडा मशीन कॅशमध्ये, म्हणजे साठ्यात, ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, वेळ वाचतो. यशोधन त्या साठ्याला लक्ष्मी म्हणायचा. आता घरातली लक्ष्मी कोण हाकलणार?

चिन्मयीने साठा उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. तुकड्याचा कोड बदलला तरच मशीन तो नव्याने बनवत होतं. सेटिंग बदलल्याची त्याला गंधवार्ताही नव्हती. भोंग्याचा तुकडा तिने नंतर बदललेला, म्हणून नव्या तऱ्हेचा; त्याला हाक मारणारा साठ्यातला, जुन्या तऱ्हेचा. दोघांची गाठ पडली की ॲप कोसळे. तिच्या लॅपटॉपवर असा जुना साठाच नव्हता.

"साठा पुसते," ती म्हणाली.

"अख्खी दुपार जाईल. सगळ्यांचं काम अडेल."

"अडू द्या."

"आणि नाही सुधरलं तर?"

"तर खुशाल माझं नाव सांगा. पण नदी आपल्यासाठी थांबून राहणार नाही, भैया."

तिने साठा पुसला, सेटिंग बदलली तरी सगळे तुकडे नव्याने बनवायचे असं मशीनला शिकवलं आणि समोर बसून राहिली. उन्हं कलताना नवं ॲप तयार झालं आणि भोंगा खणखणीत वाजला. यशोधनने नमस्कार केला तो मशीनला.

ती थेट ग्वारीघाटावर गेली. नथ्थू नावाडी पायरीवर दोर वळत बसला होता. "हमने तो निकाल दिया, दीदी," तो म्हणाला. "चलता ही नहीं था."

चिन्मयी तिथेच बसली. एकेक फोन हातात घेऊन तिने नवं ॲप घातलं आणि प्रत्येकावर भोंगा वाजवून दाखवला. नथ्थूने नीट ऐकून घेतलं.

"आज बजा," तो म्हणाला. "पर कल ये चुप रहा, तो पानी नहीं आ रहा, या यही मर गया? हमको कैसे पता चलेगा?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भोंग्यापाठोपाठ स्वतः फोन करायचं ठरवून तिने त्याचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी दरवाजे उघडणार असल्याचा निरोप आला. भोंगा सगळ्या फोनवर पोचल्याचं तिला पडद्यावर दिसत होतं. तरी तिने नथ्थूला फोन लावला.

"बज गया, दीदी." तो धापा टाकत होता. "नाव ऊपर है, सबकी. पर तुम फोन करती रहना."

चिन्मयी अजूनही करते.