जीजीने थांबवलेलं ऑपरेशन

माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नणंदेबद्दल मध्यस्थ बाईंनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, तिने लग्न केलेलं नाही. दुसरी, ती इंदूरला, पलासिया भागात एका डॉक्टरांकडे "लोकांच्या डोक्याला तारा लावते". दुसरी गोष्ट सांगताना बाईंचा आवाज पहिलीपेक्षाही खाली गेला होता.

मी नाशिकची. इंदूरला आले आणि आठवड्याभरात कळलं, की भ्यायचंच असेल तर खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला भ्यावं, नणंदेला नाही. तिचं नाव सुहासिनी पागनीस. माझा नवरा हृषीकेश तिला जीजी म्हणतो. मी एकदा "वन्सं" म्हणून पाहिलं तर ती हसत सुटली. "ये क्या है भिया, ऋजुताने तो मला म्हातारीच करून टाकली!" त्या दिवसापासून मीही जीजीच म्हणते.

पागनीस म्हणजे कुणी एके काळी होळकरांच्या पागेवर कारकून होते. आता बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत आणि घोडा म्हणाल तर हृषीकेशची स्कूटर. जीजी बी.एस्सी. झाली त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांना, तिच्या वडिलांना, लकवा मारला. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा डावा पाय उचल, वाकव, सरळ कर, हे तिने सहा वर्षं केलं. लग्नाचं विचारलं की म्हणते, "राहून गेलं गं." यापुढे ती काही सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

तारा लावायचं काम म्हणजे मेंदूचा आलेख काढायचं. ते तिने बारा-तेरा वर्षं केलं. मग एका मोठ्या हॉस्पिटलने ऑपरेशनच्या वेळी नसांवर नजर ठेवायचं मशीन घेतलं आणि ते चालवायला जीजीला बोलावलं. कंपनीचा माणूस चेन्नईहून आला, पंधरा दिवस शिकवून गेला. बाकीचं ती पुस्तकं वाचून, इंटरनेटवर रात्र-रात्र... नाही, खोटं कशाला लिहू, रात्री ती साडेनऊला झोपते. पहाटे उठून शिकली.

तिचं काम मला समजायला वेळ लागला. एकदा भाजी निवडताना तिने सांगितलं.

"हे बघ, पाठीच्या कण्याच्या आतून मज्जारज्जू जातो. ऑपरेशन त्याच्याच शेजारी चालतं, आणि माणूस तर बेहोश. दुखलं तरी सांगणार कसं? म्हणून मी घोट्यापाशी हलका करंट देते. तो वर चढत डोक्यापर्यंत पोचला की स्क्रीनवर लाट दिसते. मग उलटं. डोक्यावर करंट दिला की पायाचा अंगठा हलला पाहिजे. जायचा रस्ता चालू, यायचा रस्ता चालू. दिवसभर तेवढंच पाहायचं."

"आणि बंद झाला तर?"

"तर बोलायचं," ती म्हणाली. हातातली मेथीची जुडी तिने उगाच पुन्हा झटकली. "लगेच."

ती जुडी का झटकली, ते मला पुढे कळलं.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. इंदुमतीबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका, स्नेहलतागंजमध्ये राहणाऱ्या. त्यांच्या मणक्यात गाठ होती. ऑपरेशन चालू असताना उजव्या पायाची लाट छोटी होऊ लागली. जीजी म्हणाली, "सर, राइट कमी होतंय." तेव्हाचे सर्जन, ते आता इंदुरात नाहीत, मान वर न करता म्हणाले, "मशीन आपकी है, आप देखो." जीजीने तारा तपासल्या, सुया दाबून पाहिल्या, पुन्हा तारा तपासल्या. चार मिनिटं गेली. मग ती पुन्हा बोलली, पण तोवर लाट सपाट झाली होती. इंदुमतीबाई शुद्धीवर आल्या आणि त्यांचं उजवं पाऊल उचलेना.

हॉस्पिटलमध्ये कुणी जीजीला एक शब्द बोललं नाही. गाठच तशी होती, लगेच थांबलो असतो तरी सांगता आलं नसतं, असं डॉक्टरांचं म्हणणं. ते खरंही असेल. पण जीजी तीन रविवार तयार होऊन दारापर्यंत गेली आणि परत फिरली. चौथ्या रविवारी मला म्हणाली, "तू चल सोबत."

इंदुमतीबाईंनी दार उघडलं. पावलाला प्लास्टिकचा आधार बांधलेला होता, हातात काठी. जीजीने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. "मी चार मिनिटं गप्प बसली. मला वाटलं तार ढिली आहे. सर डाफरले म्हणून जोरात नाही बोलली."

बाईंनी आठवी-नववीला गणित शिकवलेलं. त्यांनी तिच्याकडे तसंच पाहिलं, उत्तर तपासावं तसं. "लगेच बोलली असतीस, तर पाय वाचला असता?"

"माहीत नाही. कदाचित."

"मग तुझ्यावर रागवायचं की नाही, हे मलाही माहीत नाही." मग म्हणाल्या, "चहा घ्याल ना दोघी?"

चहा आम्ही घेतला. बाई तो स्वतः करायला उठल्या, आणि त्यांच्या पावलाचा फरशीवर होणारा आवाज ऐकत जीजी मान खाली घालून बसून राहिली.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. मी सकाळी ओट्याशी असायची आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, "सर, थांबा." पहिल्यांदा मला वाटलं कुणी आलंय. पाहिलं तर जीजी आरशासमोर केस विंचरत होती. "सर, थांबा. लेफ्ट लेग." पुन्हा, जरा मोठ्याने. कोर्टात उभ्या असलेल्या माणसासारखी ताठ. मी पोळ्या लाटायला परत गेले. कितीतरी महिने ती रोज हे करायची.

आता मधुरिमाची गोष्ट. मागच्या मे महिन्यातली.

मधुरिमा इंदूरजवळच्या बेटम्याची, चौदा वर्षांची, नववी पास. वडील लक्ष्मणजी, त्यांची पिठाची गिरणी. आई प्रेमलता. मुलीचा कणा दोन वर्षांत वाकत वाकत इंग्रजी एस अक्षरासारखा झाला होता. एक खांदा वर, पाठीवर एका बाजूला उंचवटा. ती शाळेत उन्हाळ्यातही दप्तर पाठीवरून उतरवायची नाही, असं तिची आई सांगत होती.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी जीजी वॉर्डात गेली. ती प्रत्येक पेशंटकडे जाते. पाय हातात घेऊन पाहते, अंगठा वर करायला लावते, तळव्यावर बोट फिरवून विचारते, कळतंय का. मधुरिमाने पाय मागे ओढले.

"आंटी, आप मेरे पाँव क्यों छू रही हो? पाँव तो मामाजी छूते हैं." माळव्यात भाचीच्या पाया मामा पडतो.

"तो समझ ले मैं भी मामाजी," जीजी म्हणाली.

मुलगी हसली. मग हसू गेलं. "आंटी, उठूँगी तो चल पाऊँगी ना?"

प्रेमलताबाईही पलंगाच्या पलीकडून जीजीकडे पाहू लागल्या. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. जीजी म्हणाली, "सर बहुत अच्छे हैं बेटा. और मैं पूरे टाइम तेरे पाँव देखूँगी. दूसरा कोई काम नहीं करूँगी."

सर्जन डॉ. निशांत. चाळिशीचे, कमी बोलणारे. सकाळी आठला मुलगी टेबलावर पालथी. तिच्या डोक्यात, हातांत, पायांत बारीक सुया लावून, प्रत्येक तार चिकटपट्टीने पक्की करून जीजी आपल्या स्क्रीनसमोर बसली. भूल देणाऱ्या डॉ. शिखा मधून मधून ब्लडप्रेशर सांगत होत्या. साडेअकरापर्यंत मणक्यांत स्क्रू बसले. मग सळई घातली आणि कणा सरळ करायला ती फिरवायला सुरुवात झाली. आई-बापांनी ज्यासाठी मुलगी आणली होती, तो हा क्षण. त्या वळणाबरोबर पाठीवरचा उंचवटा डोळ्यांसमोर खाली बसतो, असं जीजी सांगते. सगळे तिकडेच पाहत असतात.

जीजीने डोक्यावरून करंट दिला. दोन्ही हात हलले. उजवा पाय हलला. डावा पाय, काही नाही.

तिने पुन्हा दिला. डावीकडे सरळ रेघ.

"सर, थांबा," ती म्हणाली. "लेफ्ट लेग गेला."

डॉ. निशांतांचे हात जागच्या जागी थांबले. "टेक्निकल तो नहीं?"

"नाही सर. हात ठीक आहेत, राइट ठीक आहे. तार ढिली असती तर मशीनने दाखवलं असतं, तेही पाहिलं. खालून वर जाणारी लाटही निम्म्यावर आली आहे." हे सगळं ती एका दमात मराठीत बोलली. डॉ. निशांत मराठी नाहीत. पण इंदुरात तेवढं समजतं, आणि तो आवाज तर कुणालाही समजला असता.

"बीपी थोडा कमी आहे, वर घेते," डॉ. शिखा म्हणाल्या. बीपी वाढला की मज्जारज्जूला रक्त नीट पोचतं. डॉ. निशांतांनी सळई सैल केली. जेवढी फिरवली होती, तेवढी उलटी. पाठीचा उंचवटा पुन्हा वर आला.

मग वाट पाहणं. दोन मिनिटांनी करंट, रेघ सपाट. पाच मिनिटांनी, सपाट. मॉनिटरची टिकटिक सोडली तर खोलीत आवाज नव्हता. जीजी मला म्हणाली, "ऋजुता, त्या वेळी मी देवाचं नाव नाही घेतलं. मला सुचलंच नाही. मी फक्त तिच्या डाव्या अंगठ्याकडे पाहत बसली. बिचारा हिरव्या चादरीखालून एवढासा बाहेर आलेला."

अकराव्या मिनिटाला रेघ थरथरली. इतकी कमी, की जीजीने कुणाला सांगितलंच नाही. तेराव्या मिनिटाला पुन्हा, आणि चादरीबाहेरचा तो अंगठा खरोखर हलला. "आला, सर," ती म्हणाली. अर्ध्या तासात डावा पाय बराचसा परत आला.

डॉ. निशांतांनी सिस्टरकडून कपाळ पुसून घेतलं. म्हणाले, "अब जितना ये बच्ची देगी, उतना ही लेंगे." त्यांनी सळई पुन्हा फिरवली, पण हळूहळू, आणि प्रत्येक वेळी जीजीला विचारून. एका ठिकाणी जीजी म्हणाली, "बस सर, इथे बस." तिथेच त्यांनी ती कसली. कणा पुष्कळ सरळ झाला होता. पूर्ण नाही.

शुद्धीवर आल्यावर डॉ. निशांतांनी मुलीला आधी पायांचंच विचारलं. "बेटा, पंजा ऊपर करो." उजवा लगेच वर गेला. डावा जरा विचार करून गेला. जीजी तारा गुंडाळून बाहेर पडली आणि बेसिनपाशी तोंडावर कितीतरी वेळ पाणी मारत राहिली. एका सिस्टरने विचारलं, "गर्मी लग रही है दीदी?" ती म्हणाली, "हाँ, बहुत."

हे सगळं तिने मला तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. पुढचं मात्र मी स्वतः पाहिलं. मधुरिमाला घरी सोडायचा दिवस होता, जीजी डबा विसरून गेली होती, म्हणून मी हॉस्पिटलला गेले. जीजी मला घेऊनच वॉर्डात शिरली.

मुलगी खिडकीशी उभी होती. पायांवर, कुणाला न धरता. प्रेमलताबाई तिचे केस विंचरत होत्या. त्यांनी डोळ्यांनीच आम्हाला बसा म्हटलं. मग मुलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात जीजीला विचारलं, "दीदी, पूरी सीधी तो नहीं हुई ना? डॉक्टर साब ने समझाया था कुछ, पर मुझे तो बायाँ कंधा अब भी ऊँचा दिखता है."

मला वाटलं, आता जीजी म्हणेल की मोठ्या डॉक्टरांना विचारा. तसं म्हणता आलं असतं. ऑपरेशन डॉक्टरांचं, निर्णय डॉक्टरांचा. ही तर कोपऱ्यात स्क्रीनपुढे बसणारी बाई.

"मैंने रुकवाया," जीजी म्हणाली. "पूरा सीधा कर रहे थे, तो बायाँ पाँव बंद हो गया था. तेरह मिनट. मैंने ही सर को बोला कि बस." तिने मुलीच्या खांद्याकडे पाहिलं. "थोड़ा टेढ़ापन मेरी वजह से रह गया, बाई."

प्रेमलताबाईंचा कंगवा थांबला. तेरा मिनिटांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर अशा शब्दांत नाही. त्या जीजीकडे बघत राहिल्या. नंतर मुलीच्या पायांकडे. मधुरिमा तोवर खिडकीच्या कट्ट्यावरच्या कबुतराला हुसकावायला टाचा उंचावून उभी राहिली होती. दोन्ही टाचा.

बाईंनी कंगवा खाली ठेवला. जीजीचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या कपाळाला लावला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"मम्मी, क्या हुआ?" मुलीने वळून विचारलं.

"कुछ नहीं," प्रेमलताबाई म्हणाल्या. नाक ओढलं, पुन्हा कंगवा घेतला, आणि अगदी रोजच्या आवाजात जीजीला म्हणाल्या, "जुलाई में स्कूल खुलेगा. कुर्ता सिलवाऊँगी तो दर्ज़ी को बोल दूँगी, दाएँ कंधे में एक उँगल का पैड रख देना. किसी को पता भी नहीं चलेगा."

"हाँ," जीजी म्हणाली. "एक उँगल बहुत है."