शेंदूर न लागलेला दगड

ग्रिलवाल्याच्या दुकानातून तापल्या लोखंडाचा वास आला की मला वागळे इस्टेटमधलं मामाचं वर्कशॉप आठवतं. शीळफाट्याच्या डोंगरावर रानभाजी खुडताना आईला एक काळा, भलताच जड दगड सापडलेला. बाबा म्हणाले, "कारखान्याचा कचरा आहे, फेक." आईने तो मामाकडून कापून घेतला. आत लोखंडात खडीसाखरेसारखे पिवळे, पारदर्शक खडे चमकत होते.

"ताई, ही उल्का आहे. आभाळातून पडलीय," मामा म्हणाला.

बाबांनी लगेच शेंदूर मागवला. आईने दगड पदरात घेतला. "शेंदूर फासलात तर आतलं कुणाला दिसणार?"

देव कोपेल म्हणून मी तेव्हा घाबरलेले. आज तो दगड माझ्या खिडकीत आहे. पाहुणे हात जोडायला लागले की मीच सांगते, "पाया पडू नका. उजेडात धरून बघा."