मागून बोलायचं नाही

धाकटीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. परदेशी जाणारं विमान सातला सुटायचं, आणि त्यातले म्हातारे प्रवासी धास्तीपोटी चारलाच दारात येऊन बसायचे. त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवून विमानाच्या दारापर्यंत पोचवणं हे तिचं काम. घरी दोघीच बहिणी, थोरली ताई आणि ही, म्हणून ही धाकटी. केस पांढरे झाले तरी धाकटीच राहिली. विमानतळावर मात्र तिला सगळे मावशी म्हणत.

विमानतळ लहानशा शहराचा. एक धावपट्टी, एक इमारत, आणि बाहेर टॅक्सीवाल्यांची भांडणं. आधी इथून फक्त राजधानीचं विमान जायचं. मग समुद्रापलीकडे जाणारं एक सुरू झालं आणि पाटीवर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द चढला. तिच्याबरोबर खुर्च्या ढकलणारा एक ताडमाड गडी होता, त्याचं नाव पडलं होतं शिडी. तो म्हणायचा, "आंतरराष्ट्रीय झालो म्हणजे काय झालं, तर संडासाच्या पाटीवर आणखी एक भाषा आली." पण फरक पडला होता. पूर्वी इथल्या माणसाला परदेशी जायचं तर रात्रभर बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन मोठं शहर गाठावं लागे. आता घरचा चहा पिऊन निघालं की झालं. त्यामुळे जे कधी गेले नसते तेही जायला लागले. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, घर विकून कायमचे मुलाकडे चाललेले बाप. त्यात लबाडही असत. सगळा बाजार पायी पालथा घालणारे इथे रांग चुकवायला खुर्ची मागत. शिडीच्या मते सगळे चमत्कार विमानातच होतात, चढताना लंगडा असलेला उतरताना पळत सुटतो.

धाकटी लबाडालाही तेवढ्याच निगुतीने न्यायची. खुर्ची मनगटांनी ढकलायची नसते, अंगाच्या भाराने ढकलायची. उतार आला की आपण उलटं चालायचं, म्हणजे माणूस पुढे कलंडत नाही. उठवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. आपले गुडघे वाकवायचे, त्याला छातीशी धरायचं, आणि त्याच्या पायांना त्यांचं काम करू द्यायचं. आणि मागून बोलायचं नाही. बसलेल्याला आपलं तोंड दिसत नसतं. तो दचकतो, मान वळवतो, तोल जातो. काही सांगायचं असेल तर थांबा, ब्रेक लावा, पुढे या, वाका, मग बोला.

हे सगळं कामावर लागल्या लागल्या शिकवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी काखेत हात घालून कसं उचलू नये ते करून दाखवलं, तेव्हा धाकटीला आई आठवली. तिला तिने दोन वर्षं अगदी तस्संच उचललं होतं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताईचा संसार दुसऱ्या गावी होता. आईचं सगळं धाकटीने केलं. एका दुपारी पलंगावरून उठवताना आई हातातून निसटली, खुब्याचं हाड मोडलं, आणि महिन्याच्या आत ती गेली. ताई आली, सगळं ऐकून घेतलं, आणि चार माणसांत म्हणाली, "उचलायची अक्कल नव्हती तर हात कशाला लावलास?"

धाकटीने उलट विचारलं की दोन वर्षं हात लावायला दुसरं कोण आलं होतं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. पोटापाण्यासाठी धाकटीने विमानतळाची नोकरी धरली, आणि तिथे तिला कळलं की ताईचं खरं होतं. नुसतं कळून काय उपयोग, ते ताईला सांगायला हवं होतं. ताईच्या गावची बस विमानतळाच्या फाटकासमोरूनच सुटायची. धाकटीने ती एकदाही धरली नाही. कामाच्या दिवशी वेळ नसायचा आणि सुट्टीच्या दिवशी कंबर धरलेली असायची. माणसाला सबबी काही कमी पडत नाहीत.

मग एका चुलत वहिनीकडून कळलं की ताई चालली. भाऊजी वारले होते, गुडघे गेले होते, परदेशातला मुलगा तिला कायमची नेणार होता. धाकटीने शिडीला सांगून ती खुर्ची आपल्याकडे घेतली. सांगायचं वाक्य लहान होतं. ताई, तुझं खरं होतं, मी आईला चुकीचं उचललं. एवढं सांगितलं की झालं. समोरासमोर बोलायची ही शेवटची संधी, हे तिलाही कळत होतं.

ताई शेजाऱ्याच्या गाडीतून उतरली. धाकटीकडे तिने पाहिलं, तिच्या गणवेशाकडे पाहिलं, आणि खुर्चीत बसली. धाकटीने तिचे पाय पायपट्टीवर ठेवले, ब्रेक काढला आणि चालू लागली. पुढ्यात ताईची मान होती, पांढरा विरळ अंबाडा होता. बोलावंसं वाटलं. पण मागून बोलायचं नाही.

सामान तपासणीशी गर्दी होती. पासपोर्टच्या खिडकीशी आतल्या माणसाने विचारलं, किती दिवसांसाठी. ताई म्हणाली, "कायमची." धाकटीला ते पाठीमागून ऐकावं लागलं. शेवटी बसायच्या दालनात पोचल्यावर तिने ब्रेक लावला, पुढे आली, गुडघे वाकवले. ताईचं तोंड हातभर अंतरावर होतं. तेवढ्यात बाजूच्या एका गृहस्थांनी आपल्या आईच्या खुर्चीची चौकशी सुरू केली. त्यांना उत्तर देऊन धाकटी परत वळली, आणि बोलायचं सोडून खुर्चीची पायपट्टी सरळ करत बसली. ती आधीच सरळ होती. ताई तिच्या डोक्यावरून काचेबाहेर बघत राहिली.

विमानाच्या दाराशी रुंद खुर्ची जात नाही. तिथे माणसाला उचलून अरुंद खुर्चीत घ्यावं लागतं. धाकटीने पाय रोवले, ताईला छातीशी घेतलं, आणि ताई अलगद उठली, अलगद टेकली. कुठे हिसका नाही, कुठे कळ नाही. टेकताना ताईचं तोंड तिच्या कानाशी होतं.

"आता येतं तुला," ताई हळूच म्हणाली.

तो टोमणा होता की शाबासकी, धाकटीला आजवर ठरवता आलेलं नाही. पण दार उघडलं होतं, पुढचं वाक्य तिचं होतं. ती म्हणाली, "पाय सांभाळा."

दिवसभर सगळ्यांना म्हणते तेच. सख्ख्या बहिणीला, अहो-जाहो करून.

खाली आल्यावर शिडीने विचारलं, बोलणं झालं का. ती म्हणाली, विमान सुटायची वेळ झाली होती. शिडी विमानाकडे बघत म्हणाला, "मावशी, विमान अजून अर्धा तास उभं आहे." पण धाकटीपुरतं दार लागलं होतं.

फोनवर सांगता आलं असतं. भाच्याचा नंबर वहिनीकडे होता. पण फोन म्हणजे पुन्हा मागून बोलणंच, असं धाकटीने मनाशी घेतलं. समोर जाऊनच सांगायचं. त्यासाठी तिकीट हवं, आणि कंत्राटदार देई त्या पगारात तिकीट म्हणजे मुंगीने डोंगर ओढणं. तिने दुसरी पाळीही घेतली. कंबरेला पट्टा बांधून खुर्च्या ढकलल्या. अशी वर्षं गेली. ज्या दारात तिने शेकडो माणसं पोचवली त्या दाराच्या आत तिचा पाय पडला नाही.

तिकिटाएवढं जमत आलं आणि भाच्याचा फोन आला. ताईला झटका आला होता, उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. त्याच आठवड्यात धाकटी निघाली. शिडीने खुर्ची आणून उभी केली, पण ती विमानापर्यंत चालत गेली.

भाच्याच्या घरात ताई खिडकीशी पलंगावर होती. धाकटी पुढ्यात गेली, वाकली, आणि तिने वाक्य सांगितलं. मग पुन्हा, सावकाश सांगितलं. ताईने तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघितलं, मग नजर खिडकीकडे नेली. भाचा म्हणाला, आता तिला शब्द कळत नाहीत मावशी, आवाज कळतो.

दिवसातून दोनदा ताईला उठवायला एक नर्स यायची. धाकटीने भाच्याकरवी तिला येऊ नका म्हणून सांगितलं. एवढ्या वर्षांच्या कमाईने तिने शेवटी विकत घेतलं ते हेच: परतीची तारीख येईपर्यंत रोज सकाळी ताईला पलंगावरून खुर्चीत घेणं, आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर ठेवणं.